माळावर खड्डे, गवतात अंडी : सरकारी कुरण राखायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

लासूर स्टेशन : पावसाळा लागला की वृक्षारोपणाचं उद्दिष्ट गावोगावी येऊन पडतं. रोपवाटिकेतून रोपं येतात, जेसीबी माळावर चढतो, खड्डे खणले जातात, फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झळकतात. जागा कुठली निवडली जाते ते मात्र कोणी फारसं पाहत नाही. कसदार रान कोणी देत नाही. मग उरतं ते गायरान, वनखात्याचा माळ, डोंगराची मुरमाड उतरण. सरकारी भाषेत ही जमीन 'पडीक', सातबाऱ्याच्या भाषेत 'पोटखराब'. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत, त्याच माळावर, गवताच्या बुंध्याशी एखादी तित्तराची मादी अंड्यांवर बसलेली असते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालक यांच्यासाठीचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. न्यूयॉर्कमधल्या ठरावाचा गंगापूर-वैजापूरच्या माळाशी काय संबंध, असं कोणीही विचारेल. संबंध आहे. कारण सरकारी गवताळ जमिनीचं करायचं काय, हा प्रश्न या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावापुढे आहे. झाडं लावायची, तारेचं कुंपण घालून बंद करायची, की सौरप्रकल्पाला द्यायची, एवढीच उत्तरं सध्या चर्चेत असतात. गवत हे गवत म्हणूनच राखायचं, हे चौथं उत्तर ग्रामसभेत क्वचितच ऐकू येतं. ते सर्वांत स्वस्त आहे. पण त्याला वेळापत्रक लागतं, आणि तिथंच सगळं अडतं.

तित्तर, लावा आणि मोर : एकच कुळ

परदेशात ज्याला फेजंट म्हणतात तो पक्षी महाराष्ट्रात रानात सापडत नाही. पण त्याचं सगळं गणगोत इथं आहे. मोर, रानकोंबडा, तित्तर, लावा हे सारे त्याच कुळातले. आपल्या परड्यातली कोंबडीसुद्धा त्याच घराण्यातली. या सगळ्यांची खोड एक. दिवस जमिनीवर काढायचा, अंडी जमिनीवर घालायची आणि पिलं बाहेर पडली की काही तासांत त्यांना पायी चालवत न्यायचं.

माळावर आणि बांधाकडेला 'कटीतर, कटीतर' असा सूर लावणारा राखी तित्तर सगळ्यांच्या ओळखीचा. तो अजूनही बऱ्यापैकी आहे, कारण त्याला काटेरी झुडूप चालतं, बांध चालतो, वेडी बाभूळही चालते. अंगावर पांढरे ठिपके असलेला रंगीत तित्तर मात्र गवताचा पक्का. पाऊस पडला की तो एखाद्या दगडावर किंवा खुरट्या फांदीवर चढून ओरडतो, आणि त्याची वीणही पावसाळ्यातच होते. लाव्यांचंही बरंचसं तसंच. म्हणजे माळ हिरवा होतो तेव्हाच हे पक्षी घर मांडतात.

घर म्हणजे तरी काय? गवताच्या ठोंबाखाली पायाने उकरलेला उथळ खळगा आणि त्यात चार काड्या. राखी तित्तराची मादी साधारण सहा ते आठ अंडी घालते आणि जवळपास तीन आठवडे उबवते. त्या तीन आठवड्यांत तिथून मेंढरांचा कळप गेला, ब्रशकटर फिरला, ट्रॅक्टर वळला किंवा मोकाट कुत्र्यांनी माळ धुंडाळला, की हिशेब संपला. पिलं निघाली तरी धोका संपत नाही. पहिले काही दिवस पिलांना दाणा पचत नाही. त्यांना किडेच लागतात, म्हणजे नाकतोडे, वाळवी, मुंग्या, अळ्या. गवताची मुळं जिवंत असलेल्या जमिनीत हे किडे भरपूर असतात. दोन हातांवर एकेक गिरीपुष्प आणि मधे कोरडा मुरूम असेल तर फारसे नसतात.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अगदी दाट, कमरेएवढं आणि वर्षानुवर्षं न कापलेलं गवतही या पक्ष्यांना सोयीचं नाही. पिलांना चालायला ठोंबांच्या मधून वाट लागते, उन्हात धुळीत लोळायला उघडी जागा लागते. त्यामुळे 'माणूस आणि जनावर बाहेर काढा, निसर्ग आपोआप सावरेल' हा समज माळाच्या बाबतीत अर्धाच खरा ठरतो.

८,४९६ चौरस किलोमीटरचा धडा

गवताळ जमिनीवरचा पक्षी सरकारने राखायला घेतला की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण सोलापूरच्या नान्नजचं. तो पक्षी मालढोक. तो तित्तराच्या कुळातला नाही, पण राहणार त्याच गवतात आणि अंडं घालणार त्याच जमिनीवर.

१९७० च्या दशकात नान्नजच्या माळावर मालढोक असल्याचं सोलापूरचे पक्षी अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी लोकांच्या नजरेस आणून दिलं. त्याच काळात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून काही उजाड माळांचे तुकडे चराईपासून राखले गेले होते. गवत परत आलं, पक्ष्याला आसरा मिळाला. इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं.

१९७९ मध्ये मालढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूरचे उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगरचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा, एवढे तालुके त्यात आले. नेवासा म्हणजे कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की लगेच पलीकडचा तालुका. गंगापूर तालुका थोडक्यात वाचला म्हणा किंवा थोडक्यात हुकला म्हणा.

या आकड्यातलं प्रत्यक्ष गवत किती? फारच थोडं. बाकी सगळी लोकांची शेती, गावठाणं, रस्ते, बाजारपेठा. वनखात्याच्या ताब्यातले गवताचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले आणि अभयारण्याचे निर्बंध मात्र सरसकट. जमीन खरेदी-विक्रीपासून बांधकामापर्यंत लोकांची कामं अडू लागली आणि मालढोक म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठी येऊ लागली. पुढे बराच काळ खल होऊन अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर उजनीचं पाणी फिरलं होतं, माळाच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली होती, विजेच्या तारा आडव्या झाल्या होत्या.

आणि खुद्द राखलेल्या तुकड्यांत? काही ठिकाणी गिरीपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. हेतू वाईट नव्हता. उघडी जमीन दिसली की झाड लावायचं ही सवय. पण मालढोकाला चारी बाजूंना दूरवर दिसणारं मोकळं रान लागतं. झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की त्याच्या लेखी ती जागा संपते. मालढोक वाचवण्यासाठी पुढे ज्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यात गवताळ भागात लावलेली अशी झाडं काढा, असं सांगायची पाळी आली. म्हणजे लावायचा खर्च एकदा, काढायचा खर्च दुसऱ्यांदा. गिरीपुष्प तर नुसतं तोडून जात नाही, बुडातून पुन्हा फुटतं, ते मुळासकट उपटावं लागतं.

आज सोलापुरात मालढोक दिसला तर त्याची बातमी होते. देशात उरलेल्या दीडशेच्या आसपास पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. मालढोकाची मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे एकदा संख्या कोसळली की भरून येत नाही. तित्तर-लाव्यांचं तसं नाही. सहा-आठ अंड्यांचा पक्षी दोन-तीन चांगली वर्षं मिळाली की परत भरारी घेतो. गंगापूर-वैजापूरच्या माळावर अजून तो आवाज येतो आहे. काम करायचं तर ते आत्ताच स्वस्तात होईल.

नुसती चराई बंद करून भागतं का?

कुरण राखायचं म्हटलं की पहिला हुकूम निघतो चराईबंदीचा. त्याचा पहिला फटका बसतो धनगर मेंढपाळांना. त्यामुळे त्याचा परिणाम काय होतो, हे नीट पाहायला हवं.

राजस्थानातलं भरतपूर हे पाणपक्ष्यांचं जगप्रसिद्ध ठिकाण. १९८२ मध्ये तिथं म्हशींची चराई एकदम बंद करण्यात आली. गावकरी चिडले, संघर्ष झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथं सुमारे दहा वर्षं अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की म्हशी जे पाणगवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या ते माजलं आणि पाण्याच्या जागा चोंदल्या. पक्ष्यांसाठी केलेली बंदी पक्ष्यांनाच नडली. भरतपूर हे पाणथळ आहे आणि आपला माळ कोरडा, हा फरक मोठा. तरी गवत आणि जनावर यांचं नातं तोडलं की गवतही बिघडू शकतं, हे तिथं रक्त सांडून कळलं.

उलट बाजूही तेवढीच खरी. बारमाही चराई झाली की मारवेल, पवन्या, डोंगरी गवत अशी चांगली चाऱ्याची गवतं आधी संपतात. जनावर चवीचं आधी खातं. मागे राहते कुसळी, तरवड, गाजरगवत आणि घाणेरी. मग मेंढपाळाचंही पोट भरत नाही आणि तित्तराचंही. मराठवाड्यातले बहुतेक गायरान आज याच अवस्थेत आहेत. त्यांचा दोष मेंढरांच्या माथी मारणं सोपं आहे. पण गायरानाचा अर्धा भाग अतिक्रमणात गेल्यावर उरलेल्या अर्ध्यावर पूर्वीएवढीच जनावरं चरणार असतील तर दुसरं काय होणार?

प्रश्न चराई हवी की नको असा मांडला की गाव दोन तटांत फुटतं. कुठल्या तुकड्यात, कुठल्या महिन्यात, किती, असा मांडला तर निदान बसून बोलता येतं.

पक्ष्याची घाई आणि चाऱ्याची घाई

खरा पेच कापणीच्या तारखेचा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

गवत फुलोऱ्यात असताना कापलं तर चारा सकस. म्हणजे साधारण भाद्रपद-आश्विन. दसऱ्यापर्यंत कापलं, वाळवलं, गंजी लावली की पशुपालक निर्धास्त. बी धरून गवत पिवळं पडलं की त्यातला कस उतरतो, आणि कुसळी असेल तर तिची कुसळं मेंढरांच्या तोंडाला आणि लोकरीला रुततात. पशुपालकाला लवकर कापायचं असतं ते आळसाने किंवा हट्टाने नव्हे.

पक्ष्याची गरज नेमकी उलटी. उशिरा बसलेली लाव्याची मादी सप्टेंबरातही अंड्यांवर असू शकते. पिलांना उडायला बळ येईपर्यंत आडोसा लागतो. आणि गवतालाही स्वतःचं बी जमिनीवर टाकायला ऑक्टोबर उजाडावा लागतो. दरवर्षी सगळं गवत फुलोऱ्यातच कापलं तर काही वर्षांत चांगली गवतं बी न पडल्यामुळे विरळ होतात. म्हणजे उशीर हा नुसता पक्ष्याच्या फायद्याचा नाही, दहा वर्षांनंतरच्या चाऱ्याच्याही फायद्याचा आहे.

यावर जगभर जो तोडगा काढला जातो तो एकच, तुकडे पाडायचे. समजा गावाला लागून नव्वद हेक्टर सरकारी कुरण आहे. त्याचे तीन भाग करायचे. तीस हेक्टर दसऱ्याला कापायचं, चांगल्या चाऱ्यासाठी. तीस हेक्टर दिवाळीनंतर, बी पडल्यावर. उरलेलं तीस हेक्टर त्या वर्षी अजिबात कापायचं नाही. पुढच्या वर्षी भाग फिरवायचे. उभ्या राहिलेल्या तुकड्यात हिवाळा-उन्हाळाभर तित्तराला आडोसा मिळतो आणि पुढच्या जूनला घरटं करायला जुना ठोंब तयार असतो. कारण पहिल्या पावसानंतर नवं गवत हातभर व्हायला वेळ लागतो. तोवर घरट्याला लागतो तो गेल्या वर्षीचाच वाळका ठोंब. सगळा माळ दरवर्षी भुईसपाट केला तर पक्ष्याला निम्मा हंगाम वाट बघावी लागते.

कापतानाही दोन गोष्टी पाळल्या तर फरक पडतो. एक, बुडातून खरवडायचं नाही, वीतभर बुंधा ठेवायचा. गवत लवकर फुटतं आणि माती वाहत नाही. दोन, मधून सुरुवात करून बाहेरच्या कडेकडे जायचं. कडेने गोल गोल आत कापत गेलं की पक्षी आणि ससे मधल्या तुकड्यात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत यंत्राखाली सापडतात. विळ्याने कापणारी बाई घरटं दिसलं की हात आखडते. ब्रशकटरला ते कळत नाही.

जाळण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. माळ पेटवला की नवा पाला चांगला फुटतो, हा समज जुना आहे आणि काही अंशी खराही. पण मार्च-एप्रिलमध्ये, वाऱ्याच्या दिवसांत लावलेली आग एका माळावर थांबत नाही. ती सगळे आडोसे एकाच दिवशी संपवते. एप्रिलपासून घरटी करणाऱ्या राखी तित्तराची अंडीही त्यात जातात. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. त्याआधी जाळरेषा काढून झाल्या पाहिजेत. जाळरेषा वेळेत न निघणं आणि मग एप्रिलमध्ये झोडपे घेऊन धावणं, हे चित्र गावकऱ्यांना नवं नाही.

रेल्वेच्या वाटेवरचं ममदापूर

लासूरहून मनमाडकडे निघालं की परसोडा, रोटेगाव, तारूर ही स्टेशनं मागे टाकत गाडी नगरसोलला येते. नगरसोल येवला तालुक्यात. त्याच तालुक्याच्या ममदापूर-राजापूर भागात काळविटांसाठी राखलेलं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. क्षेत्रफळ सुमारे ५४ चौरस किलोमीटर. नाव काळविटाचं असलं तरी जमीन माळाचीच आहे, आणि काळविटाला जे आखूड-मध्यम गवत लागतं त्यातच तित्तर-लावेही निभावतात.

'संवर्धन राखीव क्षेत्र' हा प्रकार अभयारण्याहून वेगळा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आलं, त्यातून तो निर्माण झाला. तो सरकारी मालकीच्या जमिनीवरच जाहीर होतो, त्याआधी स्थानिक लोकांशी चर्चा करणं बंधनकारक असतं आणि व्यवस्थापनाच्या समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. खासगी शेती त्यात ओढली जात नाही. सोलापुरात जी चूक १९७९ मध्ये झाली ती टाळायची सोय कायद्यातच आहे. आग लावणं, घातक रसायनं टाकणं याला मात्र बंदी आहे.

ममदापूरकरांनाही सगळं गोड नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की काळवीट शेतात उतरतात, पाण्याच्या शोधात विहिरीत पडतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. पिकाच्या नुकसानीला भरपाई मिळते, पण अर्ज तीन दिवसांच्या आत करावा लागतो आणि पंचनाम्याला माणूस यावा लागतो. गंगापूर-वैजापूर पट्ट्यात उद्या कोणी असं क्षेत्र करायचं ठरवलं तर लोक पहिला प्रश्न भरपाईचाच विचारतील, आणि तो योग्यच आहे. तित्तर-लाव्यांपुरतं बोलायचं तर ही अडचण फारशी नाही. तित्तर मका मोडत नाही. बांधावरचे किडे आणि तणाचं बी हेच त्याचं मुख्य खाणं. मोराचं मात्र वेगळं, पेरलेलं बी उकरणारा मोर शेतकऱ्याला परवडत नाही.

मोराचं नाव निघालंच आहे तर, मराठवाड्यात खास मोरांसाठी राखलेलं अभयारण्य बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावला आहे. १९९४ मध्ये जाहीर झालेलं, जवळपास ३० चौरस किलोमीटरचं. राष्ट्रीय पक्षी असल्यामुळे मोराला अभयारण्य मिळालं. त्याच कुळातल्या लाव्याला कोण विचारतो?

परदेशात पैसा कुठून येतो

अमेरिकेत या विषयाला शेतीइतकंच गांभीर्य आहे, आणि कारण मजेशीर आहे. तिथला फेजंट मूळचा तिथला नाहीच. १८८१ मध्ये तो चीनमधून नेऊन सोडला गेला. तो शिकारीचा पक्षी. त्याच्या शिकारीचा परवाना विकत घ्यावा लागतो, आणि बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांसाठी खर्च होतो. त्या पैशातून सरकारी वन्यजीव जमिनीवर गवत पेरलं जातं, आळीपाळीने कापलं जातं, ठरवून थोडं थोडं जाळलं जातं. शिवाय १९८५ च्या शेती कायद्यातून आलेल्या योजनेत शेतकऱ्याला हलकी जमीन दहा ते पंधरा वर्षं गवताखाली ठेवण्याचं वार्षिक भाडं मिळतं. अट अशी की विणीच्या काळात गवत कापायचं नाही.

आपल्याकडे शिकार गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. त्यामुळे तो पैशाचा मार्ग इथं नाही. पण कापणीची तारीख पाळणाऱ्याला मोबदला, ही कल्पना घेण्यासारखी आहे. गवताचा लिलाव करताना 'वीतभर बुंधा ठेवणे, अमुक तारखेआधी न कापणे' एवढी एक ओळ अटींत घातली आणि त्या बदल्यात दर थोडा उतरवला, तर खात्याला वेगळा निधी मागायला नको.

ब्रिटनचं उदाहरण शेतकऱ्यांना अधिक जवळचं वाटेल. तिथला राखाडी तित्तर १९५० नंतर झपाट्याने कमी झाला. १९६८ पासून ससेक्स भागात चाललेल्या अभ्यासात कारण सापडलं. तणनाशकाने शेतातलं तण गेलं, तणावरचे किडे गेले आणि पिलं उपाशी मेली. शिकारीपेक्षा फवारणी भारी पडली. उपाय म्हणून शेताच्या कडेचा काही फुटांचा पट्टा न फवारता सोडायला सुरुवात झाली. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बांध साफ करायलाही तणनाशक मारलं जातं. मजूर मिळत नाही, ही अडचण खोटी नाही. पण सरकारी कुरण कितीही चांगलं राखलं आणि त्याच्या कडेचे सगळे बांध जाळून पिवळे केले, तर कुरणातल्या पिलांना बाहेर पडायला वाट उरत नाही.

ज्यांना पक्षी कळतो

तित्तर-लाव्यांची खडान्‌खडा माहिती महाराष्ट्रात ज्यांच्याकडे आहे तो समाज म्हणजे फासेपारधी. पक्षी कुठे उतरतो, कुठल्या वाटेने चालतो, कधी बसतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो पारध्यांनाही चिकटला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये तो कागदावरून निघाला, लोकांच्या मनातून अजून निघालेला नाही. अकोला-वाशीम भागात कारंजा इथली 'संवेदना' ही संस्था या समाजाला सोबत घेऊन माळरान आणि तिथले पक्षी राखण्याचं काम करते. फासा लावायला जी नजर लागते तीच नजर घरटं शोधून त्याभोवतीचं गवत न कापण्यासाठी लागते. वनखात्याने कुरणाच्या राखणीला माणूस नेमताना ही नजर असलेल्यांना मजुरी दिली, तर शिकार थांबवण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग ठरेल. उपाशी माणसाला कायद्याचं कलम दाखवून शिकार थांबत नाही.

गायरान कोणाचं, निर्णय कोणाचा

वनखात्याचा माळ एक वेळ वाचेल. गायरानाची गोष्ट जास्त अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्व राज्यांना सांगितलं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांबाबत आदेश दिले तेव्हा महाराष्ट्रभर नोटिसा निघाल्या आणि खळबळ उडाली. त्या अतिक्रमणांत भूमिहीनांची घरंही आहेत आणि पुढाऱ्यांची शेतंही. दोघांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल.

मोकळ्या राहिलेल्या गायरानावर आता सौरप्रकल्पांची नजर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२३ पासून, सरकारी जमिनी शोधण्याला जोर आला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार असेल तर त्याला विरोध कोण करेल? रात्री विंचूकाट्यात पाणी धरायला जाणाऱ्यालाच त्या विजेची किंमत विचारावी. पण प्रकल्पाची जागा ठरवताना खडकाळ, गवत न येणारा तुकडा आधी घ्यावा आणि मारवेल-पवन्याचा तुकडा शेवटी, एवढं तरी ग्रामसभेने पाहिलं पाहिजे. त्यासाठी आपल्या गायरानात कुठे काय उगवतं याची नोंद हवी. ती कुणाकडे आहे?

कायद्याने ती असायला हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एखाद्या कपाटात आहे, आणि ती उघडली तर शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली सापडते. या नोंदवहीत गायरानाचा नकाशा, गवताचे प्रकार आणि विणीचे महिने लिहिलेले असतील तर जेसीबी आणणाऱ्याला थांबवायला हातात कागद राहतो.

वृक्षारोपणाचं उद्दिष्टही मोडायची गरज नाही. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी असे झाडांचे आकडे जाहीर झाले. तेवढ्या झाडांना जागा शोधताना गवताळ माळ पहिला सापडला. झाडाला जागा आहे. शिवना नदीचा काठ आहे, ओढ्यांचे काठ आहेत, रस्त्याच्या कडा आहेत, शाळेची आवारं आहेत, समृद्धी महामार्गाच्या कामात उघडे पडलेले तुकडे आहेत. तिथं कडुनिंब, वड, करंज लावा. माळावर बोर, हिवर अशी जी मुळातली विरळ झाडं आहेत ती राहू द्या, त्यांच्या सावलीला तित्तर बसतो आणि मेंढपाळही बसतो.

लासूरच्या जनावरांच्या बाजारात दुष्काळी वर्षी काय होतं ते परिसरातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. चारा संपला की बैल मिळेल त्या भावात जातो. २०१९ मध्ये मराठवाड्यात छावण्यांपुढे रांगा लागल्या होत्या. न कापता राखून ठेवलेला तिसरा तुकडा अशा वर्षी गावाची बँक ठरतो. पाऊस दगा देणार असं दिसलं की तो तुकडा विणीनंतर, ग्रामसभेच्या ठरावाने कापता येतो. गिरीपुष्पाच्या जागी तेव्हा गवत नसतं.

ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा तर तोवर खड्डे खणून झालेले असतात. त्यामुळे पुढच्या पावसाळ्याचा ठराव जानेवारीच्या ग्रामसभेतच व्हावा लागेल. कुठला तुकडा कधी कापायचा, मेंढरं कोणत्या महिन्यात कुठे, झाडं कुठे लावायची आणि कुठे नाही, हे लिहून वनपरिक्षेत्र अधिकारी आणि तहसीलदार यांच्याकडे पोच घेऊन द्यावं लागेल. रोपवाटिकेची मागणीही त्याच सुमारास नोंदवली जाते.